चार भागांत उघडणारे हृदय : शाळेसाठी घेतलेल्या एका प्रतिकृतीचे परीक्षण

आमच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत गेल्या वर्षी जूनमध्ये मानवी हृदयाची नवी प्रतिकृती आली. आधीची प्लास्टर ऑफ पॅरिसची होती. तिच्या महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीची, कमान कधीकाळी तुटून पडली होती, आणि ती उघडतच नसल्यामुळे हृदयाला आतून चार कप्पे असतात ही गोष्ट मुलांना शिक्षकांच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करावी लागत असे. नवी प्रतिकृती पुण्यातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून ३,२५० रुपयांना घेतली. खरेदीपूर्वी मी बरीच शोधाशोध केली, पण दुकानाच्या माहितीपत्रकातील ‘टिकाऊ, धुता येण्याजोगी, उत्तम रंगकाम’ या तीन विशेषणांपलीकडे काही हाती लागले नाही. आता आठवी ते दहावीच्या वर्गांत ती वर्षभर हाताळून झाली आहे, म्हणून दुसऱ्या कोणा शिक्षकाला उपयोग व्हावा एवढ्या तपशिलाने तिच्याविषयी लिहीत आहे. उत्पादकाचे व दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही; एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसणाऱ्या या प्रतिकृती निरनिराळ्या खोक्यांतून सर्वत्र विकल्या जातात, त्यामुळे नावापेक्षा काय तपासून घ्यावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रतिकृती टणक प्लास्टिकची असून खऱ्या हृदयाच्या सुमारे दुप्पट आकाराची आहे. प्रौढ माणसाचे हृदय साधारणपणे त्याच्या मुठीएवढे, सुमारे १२ सेंटिमीटर लांब आणि २५० ते ३५० ग्रॅम वजनाचे असते. त्या मापाची प्रतिकृती स्वस्त मिळते, परंतु पन्नास मुलांच्या वर्गात तिसऱ्या बाकापलीकडे तिच्यातील झडपा दिसत नाहीत. दुप्पट आकार म्हणूनच योग्य ठरला. मात्र पहिल्याच तासाला एका मुलाने ती दोन्ही हातांत धरून स्वतःच्या छातीशी लावली आणि ‘सर, मग फुफ्फुसांना जागा कुठे उरते?’ असे विचारले, तेव्हापासून प्रतिकृती बाहेर काढण्याआधी मी सर्वांना मूठ आवळायला सांगतो.

तिची पहिली उणीव ती टेबलावर ठेवताच दिसते. लाकडी बैठकीवरच्या सळईवर हृदय सरळ उभे केलेले आहे, टोक थेट जमिनीकडे. छातीत ते असे नसते. छाती आणि पोट यांच्यामधील मध्यपटलावर ते तिरके टेकलेले असते, त्याचे निमुळते टोक डावीकडे, खाली आणि थोडे पुढे वळलेले असते, आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग छातीच्या मध्यरेषेच्या डावीकडे येतो. शिवाय ते स्वतःभोवती किंचित वळलेले असल्यामुळे समोरून पाहिले तर मुख्यतः उजवे निलय (खालचा कप्पा) दिसते, तर डावे अलिंद (वरचा कप्पा) जवळजवळ पूर्णपणे पाठीमागे दडलेले असते. पुस्तकातील आकृत्यांनी ‘उजवे’ आणि ‘डावे’ अशी दोन समोरासमोरची दालने डोळ्यांत बसवलेली असतात, आणि या बैठकीमुळे तीच चूक पक्की होते. उपाय सोपा आहे. प्रतिकृती सळईवरून काढून, तिची पाठ स्वतःच्या छातीकडे करून, हाताने योग्य तेवढी तिरकी धरावी. असे केले की आकृतीत हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला का काढलेली असते हा दरवर्षीचा प्रश्नही निकाली निघतो, कारण हृदय पाहणाऱ्याचे नसून समोर उभ्या असलेल्या माणसाचे आहे हे मुलांना दिसते.

आता आत काय आहे ते पाहू. प्रतिकृतीचे चार भाग लोहचुंबकांनी एकमेकांना चिकटतात : उजव्या अलिंदाची बाहेरची भिंत, दोन्ही निलयांची पुढची भिंत, महारोहिणी व फुफ्फुस रोहिणी यांचा वरचा तुकडा, आणि उरलेले मुख्य अंग. मी नेहमी उजव्या अलिंदापासून सुरुवात करतो. अलिंद या संस्कृत शब्दाचा अर्थ घराच्या दारापुढची ओसरी, आणि निलय म्हणजे राहते घर. ज्याने कोणी ही परिभाषा रुजवली त्याने विद्यार्थ्यांचे निम्मे पाठांतर वाचवले आहे, असे मला वाटते. आमच्या आधीच्या पिढीने कर्णिका आणि जवनिका हे शब्द वापरले, तेही सुंदर होते, पण ओसरीतून घरात जाण्याचा क्रम त्यांत नव्हता. उजव्या अलिंदाची भिंत काढली की वरून ऊर्ध्व महानीला आणि खालून अधोमहानीला अशी दोन मोठी तोंडे आत उघडताना दिसतात. डोके व हात यांच्याकडील रक्त वरच्या वाटेने आणि धड व पाय यांच्याकडील रक्त खालच्या वाटेने येथे येते. त्यांच्याजवळच तिसरे, लहान छिद्र दाखवलेले आहे हे पाहून मला आनंद झाला, कारण स्वस्त प्रतिकृतींत ते हमखास गाळलेले असते. हृदयाच्या स्वतःच्या भिंतींना पुरवलेले बरेचसे रक्त परत येते ते या छिद्रातून.

ओसरीतून घरात जाताना लागणाऱ्या दारापाशी, म्हणजे त्रिदली झडपेपाशी, मुले थांबतात आणि मोजतात. दोनच पाकळ्या दिसतात. ही चूक नव्हे. तिसरी पाकळी काढून ठेवलेल्या पुढच्या भिंतीला चिकटलेली आहे, आणि ती भिंत पुन्हा बसवताना तिन्ही पाकळ्या जुळतात. सोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मीदेखील चरकलो होतो. डाव्या बाजूच्या द्विदली झडपेच्या दोन्ही पाकळ्या मात्र मुख्य अंगावरच आहेत. पाकळ्यांच्या कडांपासून निघालेले पांढरे तंतू निलयाच्या भिंतीवरील स्नायूंच्या उंचवट्यांना जोडलेले दाखवले आहेत, आणि या तंतूंवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. बहुतेकांचा समज असा असतो की हे तंतू दोऱ्या ओढल्याप्रमाणे झडप उघडतात. वस्तुतः झडप उघडते आणि मिटते ती रक्ताच्या दाबामुळे; तंतूंचे काम एवढेच की निलय आकुंचन पावताना मिटलेली पाकळी मागे अलिंदात उलटू नये. पावसाळ्यात वाऱ्याने उलटी झालेली छत्री प्रत्येकाने पाहिलेली असते, तेव्हा हा मुद्दा समजायला क्षणही लागत नाही. दुर्दैवाने प्रतिकृतीत हे तंतू सुटे नाहीत. ते भिंतीला चिकटलेल्या कंगोऱ्यांसारखे ओतलेले आहेत, त्यांच्यामागून टाचणीसुद्धा जात नाही, आणि त्यामुळे ते ताणलेले दोर आहेत ही जाणीव हाताला होत नाही.

निलयांतून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपा याहून चांगल्या उतरल्या आहेत. त्यांना तंतू नसतात. तीन लहान खिसे भिंतीला शिवल्यासारखे असतात. रक्त पुढे जाताना ते भिंतीला चपटे लागतात आणि मागे घसरू लागलेल्या रक्ताने भरले की फुगून एकमेकांना भिडतात. वरचा तुकडा काढून मुले या खिशांत करंगळीचे टोक घालून पाहतात. छातीला कान लावल्यावर ऐकू येणारे दोन ठोके म्हणजे याच दोन प्रकारच्या झडपा मिटण्याशी जोडलेले आवाज आहेत, पहिला अलिंद-निलयांमधील झडपांचा आणि दुसरा या अर्धचंद्राकृती झडपांचा, हे प्रतिकृती समोर ठेवून आणि स्टेथोस्कोप हाती देऊन शिकवले तर वेगळे पाठ करावे लागत नाही.

या प्रतिकृतीसाठी पैसे मोजण्याचे सर्वांत सबळ कारण म्हणजे निलयांच्या भिंतींची जाडी. मी पट्टीने मोजली : डावी सुमारे २० मिलिमीटर, उजवी ७. दुप्पट आकार लक्षात घेता हे प्रमाण खऱ्या हृदयाशी चांगले जुळते. आडव्या छेदात डावे निलय जवळजवळ गोल आणि उजवे त्याला चंद्रकोरीसारखे वेढून बसलेले दिसते, मधला पडदा उजवीकडे फुगलेला आहे, आणि हृदयाचे टोक डाव्या निलयाचेच बनलेले आहे. हे सारे मूर्तिकाराने नीट केले आहे. डावी भिंत जाड का, असे विचारले की वर्गातून ठरलेले उत्तर येते : डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त देते, म्हणून ती जास्त रक्त ढकलते. हे उत्तर ऐकायला बरोबर वाटते, पण ते चूक आहे. दोन्ही निलये एका ठोक्यात सारखेच रक्त बाहेर टाकतात, विश्रांतीच्या वेळी सुमारे ७० मिलिलिटर. तसे नसते तर थोड्याच वेळात सगळे रक्त फुफ्फुसांत किंवा उरलेल्या शरीरात साचून राहिले असते. फरक प्रमाणाचा नसून दाबाचा आहे. उजव्या निलयाला शेजारच्या फुफ्फुसांतील दाट पण कमी अडथळ्याच्या जाळ्यातून रक्त न्यायचे असते आणि त्यासाठी पाऱ्याच्या २५ मिलिमीटरएवढा दाब पुरतो. डाव्याला मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचायचे असते आणि ते सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत दाब निर्माण करते. दोन भिंती चिमटीत धरून पाहिल्यावर ही गोष्ट मुले विसरत नाहीत. भिंतीवरच्या तक्त्याने हे मला वीस वर्षांत साधले नव्हते.

आता मुख्य तक्रार. खोके उघडले त्या दिवशी डाव्या अलिंदाला मिळणाऱ्या चार फुफ्फुस नीलांपैकी डावीकडच्या दोन लाल आणि उजवीकडच्या दोन निळ्या रंगवलेल्या होत्या. चारही लाल हव्यात. चूक कशी झाली असेल याचा अंदाज करता येतो : उजव्या फुफ्फुसाकडून येणाऱ्या नीला ऊर्ध्व महानीलेच्या आणि उजव्या अलिंदाच्या मागून जाऊन डाव्या अलिंदाला मिळतात, त्यामुळे रंगवणाऱ्याने निळ्या भागाला लागून असलेले सगळेच निळे करून टाकले. पण शाळेच्या दृष्टीने ही किरकोळ चूक नाही, आणि मराठी माध्यमात तर ती दुप्पट घातक आहे. आपल्या परिभाषेत रोहिणी या शब्दातच तांबडेपणा आहे आणि नीला या शब्दात निळेपणा. मुले नावावरून रंग आणि रंगावरून व्याख्या ठरवतात, आणि ऑक्सिजनयुक्त रक्त नेते ती रोहिणी, असे उत्तरपत्रिकेत लिहून गुण घालवतात. खरी व्याख्या दिशेवरून होते. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. फुफ्फुस रोहिणी कार्बन डायऑक्साइडयुक्त रक्त नेते म्हणून चित्रात निळी, आणि फुफ्फुस नीला ऑक्सिजनयुक्त रक्त आणते म्हणून लाल, हा अपवाद समजावून सांगण्यासाठीच तर प्रतिकृती हवी असते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी ती खोटे बोलत होती. (निळा रंग हाही संकेतच आहे, प्रत्यक्षात ते रक्त गडद लाल असते, हे जाता जाता दरवर्षी सांगावेच लागते.) दुकानदाराला छायाचित्रे पाठवली. ‘सगळा माल असाच येतो, आजवर कोणी तक्रार केली नाही’ असे उत्तर मिळाले, आणि त्यातला दुसरा भाग खरा असेल तर तो पहिल्यापेक्षा अधिक चिंताजनक आहे. शेवटी पन्नास रुपयांचा लाल ऑइल पेंटचा डबा आणून मी आणि प्रयोगशाळा सहायकाने त्या दोन नीला रंगवल्या. रंगाची छटा जुळत नाही. पण त्यामुळे मुले विचारतात, आणि सगळी गोष्ट पुन्हा सांगता येते.

दोन्ही बाजूंमधील पडद्याविषयी थोडे लिहायला हवे. दरवर्षी एक तरी विद्यार्थी पेन्सिलीचे टोक पडद्यावर फिरवून आरपार वाट शोधतो. ज्या शंकेने तो हे करतो ती क्षुल्लक नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याचे मत असे होते की रक्त निलयांमधील पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते, आणि युरोपात हे मत हजारांहून अधिक वर्षे टिकले. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने पडद्याला अशी छिद्रे नाहीत, रक्त फुफ्फुसांतून फिरूनच डावीकडे येते, असे लिहून ठेवले. इंग्लंडच्या विल्यम हार्वीने १६२८ साली छापलेल्या ग्रंथात साधा हिशेब मांडला : एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त अगदी कमी धरले, तरी अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त साऱ्या शरीरातील रक्ताहून अधिक भरते, तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. रोहिण्यांतून नीलांत ते कसे जाते हे मात्र हार्वीला पाहता आले नाही. बेडकाच्या फुफ्फुसातील केशवाहिन्या, म्हणजे या दोहोंना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या, इटलीच्या माल्पिघी या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या त्या १६६१ साली, हार्वीच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. हार्वीचा हिशेब आमच्या वर्गात फळ्यावर होतो. ७० मिलिलिटर गुणिले मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर, आणि प्रौढ शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढेच. व्हरांड्यातला पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार दाखवून तो चार मिनिटांत भरेल असे सांगितले की वर्ग गप्प होतो.

अलिंदांमधील पडद्यावर, उजव्या बाजूने, एक उथळ खळगा आहे. प्रतिकृतीत तो अंगठ्याच्या ठशाएवढा नीट कोरलेला आहे, आणि हा तपशील या किमतीत मिळेल असे मला वाटले नव्हते. गर्भावस्थेत फुफ्फुसे श्वसनाचे काम करत नसल्याने तेथे खरोखरच वाट असते आणि रक्त उजव्या अलिंदातून थेट डाव्यात जाते. जन्मानंतर ती मिटते. सुमारे एक चतुर्थांश प्रौढांत ती पूर्णपणे सांधली जात नाही आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी रोहिण्या बाहेरून लाल कंगोऱ्यांनी दाखवल्या आहेत आणि त्यांचा मार्ग बरोबर आहे. महारोहिणीच्या झडपेच्या अगदी वर, आतल्या बाजूला, त्यांची दोन तोंडे असतात. ती येथे नाहीत. चार कप्पे रक्ताने भरलेले असताना हृदयाच्या स्नायूला वेगळ्या रक्तवाहिन्या का लागतात, आणि त्यातली एक तुंबली तर झटका का येतो, हे समजावताना या तोंडांची फार उणीव भासते. मी तेथे काळ्या शाईने दोन ठिपके काढून घेतले आहेत. ठोक्याची सुरुवात करणारी गाठ उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात एका पिवळ्या ठिपक्याने दाखवली आहे, एवढेच.

कितीही चांगली असली तरी या प्रतिकृतीतून काही वाहत नाही, आणि तिच्यातील झडपा मिटत नाहीत. त्यासाठी मी वर्षातून एकदा मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे हृदय आणतो. ते मागताना भाषेची गंमत होते. आपले काळीज धस्स होते, तुटते, पाणी पाणी होते, तेव्हा आपल्या मनात हृदय असते; पण दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते. हृदय हवे असे स्पष्ट सांगावे लागते, आणि चिरू नका, वरच्या नळ्या जरा लांब ठेवा, अशी विनंती सुरी चालण्यापूर्वी करावी लागते. बकऱ्याच्या हृदयातही तेच चार कप्पे, त्याच झडपा असतात. आतल्या गुठळ्या धुऊन महारोहिणीत वरून पाणी ओतले की तीन खिसे फुगून मिटतात आणि पाणी वरच तोलून धरतात. निलय उघडले की शिवणाच्या दोऱ्यासारखे पांढरे तंतू बोटाला लागतात, ओढले तरी सहज तुटत नाहीत. प्रतिकृतीची जी उणीव मी वर सांगितली ती येथे भरून निघते. ज्यांना पाहायचे नसेल त्यांना वाचनालयात बसण्याची मुभा असते. दरवर्षी चार-पाच जण ती घेतात. उलट, प्रतिकृती आधी हाताळलेली नसेल तर त्या ओल्या, तपकिरी गोळ्यात उजवे कोणते आणि डावे कोणते हेही उमगत नाही, म्हणून दोन्ही हवीत आणि याच क्रमाने हवीत.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर प्लास्टिक मजबूत आहे, दोनदा जमिनीवर पडूनही फुटलेले नाही. चुंबकांपैकी एक चौथ्या महिन्यात निखळला, तो चिकटवून घेतला. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे आणि त्यातील अक्षरे इतकी बारीक आहेत की मी नववीच्या दोन विद्यार्थिनींकडून अलिंद, निलय, रोहिणी, नीला या शब्दांत मोठ्या अक्षरातील मराठी यादी करून घेतली आणि ती खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली. ३,२५० रुपये ही किंमत भिंतींची जाडी, झडपा आणि पडद्यावरील खळगा यांसाठी मला रास्त वाटते, आणि रंगकामासाठी मुळीच नाही. घ्यायची असल्यास दुकानातच चारही भाग उघडावेत, डाव्या अलिंदाच्या मागच्या बाजूला वळवून फुफ्फुस नीला मोजाव्यात, त्या चार आणि चारही लाल आहेत याची खात्री करावी, आणि मगच पावती फाडायला सांगावे.